रिपोर्टवर १९ ओळी, क्लेमवर एक: अमेरिकन ड्रग टेस्टचं कोडिंग शिकताना

नव्या बॅचमधलं कुणी ना कुणी पहिल्याच आठवड्यात विचारतं, "सर, रिपोर्टवर १९ औषधांची नावं आहेत, मग क्लेमवर युनिट एकच कसं?" क्लेम म्हणजे विम्याला पाठवायचं बिल, आणि युनिट म्हणजे त्यावर एक कोड किती वेळा लावला तो आकडा. प्रश्न चुकीचा नाही. एके काळी अमेरिकेतल्या लॅब जवळपास तसंच बिल लावायच्या. ते का बंद झालं हे कळलं, की या कामातले निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेतल्या लॅबची बिलं करणाऱ्या कंपन्यांमध्ये कोडर (टेस्टला बिलाचा कोड लावणारे), चार्ज एंट्री किंवा एआर कॉलर (अडकलेल्या पैशांसाठी फोन करणारे) म्हणून जे नुकते लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुमच्यातले बरेच जण बी.फार्म., बीएचएमएस नाहीतर मायक्रोबायोलॉजी करून आलेले असतात. औषधांची नावं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येतात. अडतं ते बिलाच्या हिशेबात. आपल्याकडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जितक्या टेस्ट तितके पैसे, काउंटरवर यूपीआय केलं की विषय संपला. तिथे पैसे देणारा, म्हणजे पेयर, तिसराच असतो (विमा कंपनी किंवा सरकारी योजना) आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, की ही टेस्ट केलीच कशाला?

पायरी १ : टेस्ट कोणत्या जातीची ते ओळखा

आधी पेशंट कोण, ते डोळ्यांसमोर आणा. बहुतेक वेळा तो दोनांपैकी एक असतो. पाठीच्या किंवा सांध्याच्या जुन्या दुखण्यासाठी ऑक्सिकोडोनसारखी गोळी महिनोन्‌महिने घेणारा, नाहीतर व्यसनमुक्तीच्या उपचारात बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर असलेला. डॉक्टरला दोन गोष्टी हव्या असतात: लिहून दिलेलं औषध पेशंट घेतोय का, आणि न लिहून दिलेलं काही घेतोय का. पहिली गोष्ट नवे लोक विसरतात. ऑक्सिकोडोनच्या पेशंटच्या लघवीत ऑक्सिकोडोन सापडलंच नाही, तर ती चांगली बातमी नसते. गोळ्या विकल्या जात असण्याची शक्यता डॉक्टरच्या डोक्यात लगेच येते.

टेस्ट दोन जातींच्या. पहिली प्रिझम्प्टिव्ह, म्हणजे अंदाज देणारी. रोजच्या बोलण्यात हिलाच स्क्रीन म्हणतात. बहुधा इम्युनोअ‍ॅसे असते. अँटिबॉडीच्या प्रतिक्रियेवरून 'ओपिएट (अफूवर्गीय) गटातलं काहीतरी आहे' एवढंच ती सांगते. नेमकं कोणतं आणि किती, ते नाही. शिवाय ती फसते. आपण अनारशांना लावतो त्या खसखशीत मॉर्फिन आणि कोडीनचे अंश असतात. त्यामुळे खसखस खाल्लेल्या माणसाची ओपिएट स्क्रीन पॉझिटिव्ह येऊ शकते. हा घोळ इतका झाला, की अमेरिकेच्या केंद्र सरकारने नोकरीतल्या टेस्टसाठी ओपिएटची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून थेट २००० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर केली. उलट बाजूलाही ही टेस्ट कच्ची आहे. साधी ओपिएट स्क्रीन फेंटॅनिल पकडत नाही.

दुसरी जात डेफिनिटिव्ह. जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस (एमएस म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री) यंत्रावर एकेक औषध नावानिशी ओळखलं जातं, बहुधा प्रमाणासकट. तुमच्या रिपोर्टवरच्या त्या १९ ओळी हिच्या.

इथे एक खाचखळगा आहे. 'मास स्पेक्ट्रोमेट्री' हा शब्द दिसला की डेफिनिटिव्ह, असं समजू नका. प्रिझम्प्टिव्हच्या ८०३०७ या कोडच्या व्याख्येतसुद्धा मास स्पेक्ट्रोमेट्री आहे. यंत्राच्या नावावरून जात ठरत नाही. एकेक औषध वेगळं ओळखलं का, इंटर्नल स्टँडर्ड (मोजमाप ताडायला नमुन्यात मिसळलेला ओळखीचा पदार्थ) वापरलं का, त्या पद्धतीचं कॅलिब्रेशन आणि क्वालिटी कंट्रोल होतं का, यावरून ठरते. रिपोर्टवरून हे कळत नसेल तर लॅबला क्वेरी टाका. अंदाजाने कोड लावलेला क्लेम दोन वर्षांनी ऑडिटमध्ये वर येतो, आणि तोवर लावणारा नोकरी बदलून गेलेला असतो.

पायरी २ : तीन कागद शेजारी ठेवा

ऑर्डर, रिपोर्ट आणि डॉक्टरची नोंद. काय मागितलं, काय केलं आणि का मागितलं. हे तीन जुळले तर क्लेम करा, नाही जुळले तर होल्डवर टाका. बाकी सगळं कोडिंग याच्या पोटात येतं.

ऑर्डरमध्ये सात क्लास (औषधांचे गट) मागितले आणि लॅबने सवयीने २२ चालवले, तर बिल सातचंच. मशीन एकाच फेरीत सगळं दाखवतं हा लॅबचा प्रश्न, पेयरचा नाही. आणि ऑर्डरवर छापील फॉर्ममधले सगळेच चौकोन टिक केलेले दिसले, सगळ्या पेशंटना तेच, तर थांबा. अशा सरसकट ऑर्डरला मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची अमेरिकी सरकारची विमा योजना) पॉलिसीत ब्लँकेट ऑर्डर म्हणतात आणि ती ग्राह्य धरली जात नाही. त्या पेशंटसाठी त्या दिवशी ती टेस्ट का, याचं उत्तर त्याच्याच फाइलमध्ये दिसलं पाहिजे.

रिक्विझिशनवर (टेस्ट मागणीच्या कागदावर) डॉक्टरची सही नसली म्हणून लगेच घाबरू नका. क्लिनिकल लॅब टेस्टसाठी त्या कागदावर सही असलीच पाहिजे असं मेडिकेअर म्हणत नाही. पण टेस्ट डॉक्टरनेच सांगितली हे पेशंटच्या रेकॉर्डवरून दिसायला हवं. ऑडिटरने मागितलं आणि क्लिनिककडून सही केलेली ऑर्डर किंवा रेकॉर्ड यांतलं काहीच आलं नाही, तर पैसे परत जातात, आणि ते लॅबचे जातात.

पायरी ३ : प्रिझम्प्टिव्ह असेल तर तीनांतून एक

२०१७ च्या १ जानेवारीपासून इथे तीनच सीपीटी कोड (टेस्ट आणि उपचारांचे ठरलेले आकडी कोड) आहेत.

८०३०५ – कप, स्ट्रिप किंवा कार्ड, निकाल नुसत्या डोळ्यांनी वाचलेला.
८०३०६ – तसाच कप किंवा कार्ड, पण निकाल वाचायला छोटं यंत्र वापरलेलं.
८०३०७ – लॅबमधला केमिस्ट्री अ‍ॅनालायझर किंवा त्याच्या वरचं यंत्र.

कप पाच पॅनलचा (पाच गट तपासणारा) असो की चौदा पॅनलचा, युनिट एक. एका पेशंटला एका दिवशी या तिनांतला एकच कोड. मेडिकेअरच्या अलीकडच्या दरपत्रकात ८०३०५ ला १२.६० डॉलर, ८०३०६ ला १७.१४ आणि ८०३०७ ला ६२.१४ डॉलर असे दर आहेत. १२ आणि ६२ मधलं अंतर बघितलंत? म्हणूनच 'लॅबच्या मोठ्या यंत्रावर केलं' या वाक्याचा पुरावा हवा असतो.

नमुन्यात पाणी तर मिसळलं नाही ना, हे बघायला पीएच, विशिष्ट गुरुत्व, क्रिएटिनिन तपासतात. त्याचं वेगळं बिल लावायचं नाही, ते कोडमध्येच धरलेलं आहे. रिपोर्टवर क्रिएटिनिन दिसलं म्हणून त्याचा वेगळा कोड लावणारा एक तरी जण प्रत्येक बॅचमध्ये निघतो.

क्लिनिकमध्ये कप वापरला असेल तर क्लिनिकचं सर्टिफिकेट बघा. अमेरिकेत माणसाच्या नमुन्यावर टेस्ट करणाऱ्या प्रत्येक ठिकाणाला १९८८ च्या क्लिया कायद्याखाली सर्टिफिकेट लागतं. साध्या क्लिनिककडे बहुधा वेव्हर सर्टिफिकेट (फक्त सोप्या टेस्टची परवानगी देणारं) असतं. अशा ठिकाणी ८०३०५ ला क्यूडब्ल्यू मॉडिफायर (कोडला जोडायची छोटी खूण) लावायचा, आणि ८०३०७ लावायचाच नाही, कारण वेव्हरवाल्याला ती टेस्ट करण्याची परवानगीच नाही.

पायरी ४ : डेफिनिटिव्ह असेल तर क्लास मोजा

खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ. मेडिकेअरसाठी जी-सिरीजचे कोड:

जी०४८० – १ ते ७ ड्रग क्लास
जी०४८१ – ८ ते १४
जी०४८२ – १५ ते २१
जी०४८३ – २२ किंवा जास्त

यांच्या जोडीला जी०६५९ आहे. यंत्र तेच, पण वर सांगितलेलं इंटर्नल स्टँडर्ड आणि औषधनिहाय कॅलिब्रेशन नाही, अशा टेस्टसाठी तो. त्याचा दर ८०३०७ इतकाच.

मोजायचा असतो क्लास. औषध मोजायचं नाही, आणि मेटाबोलाइट (औषधाचं शरीरात होणारं रूप) तर अजिबात नाही. आता तो १९ ओळींचा रिपोर्ट घेऊ. त्यावर असं आहे:

कोडीन, मॉर्फिन, हायड्रोकोडोन, हायड्रोमॉर्फोन. या चारांचा एकच क्लास, ओपिएट्स.

ऑक्सिकोडोन, ऑक्सिमॉर्फोन, नॉरऑक्सिकोडोन. यांचा दुसरा. फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात ऑक्सिकोडोन आणि मॉर्फिन एकाच घरातले, पण सीपीटीच्या तक्त्यात ऑक्सिकोडोनचं बिऱ्हाड वेगळं आहे. बी.फार्म.वाले इथेच अडखळतात, कारण त्यांना जास्त माहीत असतं.

अल्फा-हायड्रॉक्सीअल्प्राझोलाम, लोराझेपाम, नॉरडायाझेपाम, ऑक्साझेपाम, टेमाझेपाम. पाच ओळी, एक क्लास, बेन्झोडायाझेपिन. एकूण तीन.

फेंटॅनिल, नॉरफेंटॅनिल. चार.

बुप्रेनॉर्फिन, नॉरबुप्रेनॉर्फिन. पाच.

मेथाडोन आणि त्याचा मेटाबोलाइट ईडीडीपी. सहा.

बेन्झॉइलएकगोनिन. हे कोकेनचं शरीरात होणारं रूप, म्हणून क्लास कोकेन. सात.

ओळी १९, क्लास सात, कोड जी०४८०, युनिट एक. ओळी मोजणारा कोडर इथे जी०४८२ लावून मोकळा होतो. दरपत्रकात जी०४८० ला ११४.४३ डॉलर आणि जी०४८२ ला १९८.७४. म्हणजे एका क्लेमवर ८४ डॉलर ३१ सेंट जास्त मागितले. दिवसाला ४० क्लेम करणाऱ्या माणसाने हीच चूक महिनाभर केली तर काय होईल, ते कॅल्क्युलेटरवर करून बघा. त्याला कुणी टायपिंगची चूक म्हणणार नाही.

याच रिपोर्टमध्ये ६-अ‍ॅसिटिलमॉर्फिन असतं तर? तो हेरॉइनचा मेटाबोलाइट. नावात मॉर्फिन आहे म्हणून ओपिएट्समध्ये ढकलावंसं वाटतं, पण तक्त्यात त्याला स्वतंत्र क्लास आहे. मग क्लास आठ होतात आणि कोड जी०४८१. एका ओळीने कोड बदलतो, आणि एरवी पाच ओळींनीही काही बदलत नाही. म्हणून सीपीटीच्या पुस्तकातला ड्रग क्लासचा तक्ता प्रिंट काढून डेस्कवर ठेवा, तुमच्या फ्लोअरवर कागदाला परवानगी असेल तर. नसेल तर पहिल्या पंधरा दिवसांत पाठ करा. माझ्या मते या कामात घोकंपट्टी करावी अशी हीच एक गोष्ट आहे.

निकाल निगेटिव्ह आला तरी तो क्लास मोजला जातो, कारण टेस्ट झाली. हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, मनात मात्र सगळ्यांच्या असतो.

थोडा इतिहास, कारण नियम असे का झाले ते त्यातून दिसतं

पूर्वी ८०१०१ नावाचा कोड होता आणि त्याचं युनिट दर ड्रग क्लासला एक असं होतं. बारा पॅनलचा स्वस्तातला कप वापरायचा आणि बारा युनिट लावायची, असं सर्रास चालायचं. मेडिकेअरने २०११ पासून ही मोजणी बंद केली. तेव्हा पैसा डेफिनिटिव्हकडे वळला, कारण तिथे औषधागणिक वेगवेगळे कोड होते. त्यालाही २०१६ मध्ये जी-सिरीज आणून झाकण लावलं.

मधल्या काळातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण सॅन दिएगोच्या मिलेनियम लॅबोरेटरीजचं. गरज नसलेल्या लघवीच्या आणि जेनेटिक टेस्टची बिलं मेडिकेअरसारख्या सरकारी योजनांना लावली आणि टेस्ट आपल्याकडेच याव्यात म्हणून डॉक्टरांना फुकट कप दिले, असे आरोप अमेरिकी सरकारने केले. डॉक्टरागणिक ठरवून ठेवलेल्या सरसकट ऑर्डरी हा त्या आरोपांचा गाभा होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीने २५ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्लँकेट ऑर्डर म्हटल्यावर तुमचा क्यूए (काम तपासणारा) एवढा का दचकतो, ते यावरून कळावं. २०१८ मध्ये एक्रा नावाचा कायदाही आला. लॅबला पेशंट पाठवण्यासाठी कमिशन दिलं-घेतलं, तर प्रत्येक गुन्ह्याला दोन लाख डॉलरपर्यंत दंड आणि दहा वर्षांपर्यंत कैद. विमा सरकारी असो की खासगी, हा कायदा लागू होतो. आपल्याकडच्या 'कट प्रॅक्टिस'ला मिळणारं सामाजिक अभय तिथे गृहीत धरू नका.

पायरी ५ : निदानाचा कोड, आणि तो तुम्ही ठरवायचा नाही

'का' या प्रश्नाचं उत्तर क्लेमवर आयसीडी-१० कोडने (निदानाच्या कोडने) दिलं जातं. नेहमी लागणारे थोडेच आहेत. दीर्घकाळ ओपिऑइड (अफूसारखी वेदनाशामक) गोळी घेणाऱ्याला झेड७९.८९१. जुनाट वेदनेच्या सिंड्रोमला जी८९.४. गुंतागुंत नसलेल्या ओपिऑइड डिपेंडन्सला एफ११.२०, आणि दारूच्या बाबतीत एफ१०.२०. औषधाच्या पातळीवर लक्ष ठेवण्यासाठी आलेल्या भेटीला झेड५१.८१. बेशुद्धावस्थेकडे झुकलेल्या, भान हरपलेल्या इमर्जन्सी पेशंटला आर४१.८२.

रिपोर्टमध्ये कोकेन पॉझिटिव्ह दिसलं म्हणून कोकेन डिपेंडन्सचा कोड लावायचा नाही. निदान डॉक्टर करतो, लॅब करत नाही आणि पुण्याच्या खराडीत बसलेले आपण तर नाहीच. डॉक्टरने 'शक्यता', 'संशय' असं लिहिलं असेल तरी बाह्यरुग्णाच्या कोडिंगमध्ये ते पक्कं निदान म्हणून लावता येत नाही. लक्षण किंवा भेटीचं कारण लावायचं.

झेड७९.८९१ आणि एफ११.२० यांत घोळ घालू नका. पाठदुखीसाठी डॉक्टरच्या सल्ल्याने गोळी घेणारी सत्तरीची आजी व्यसनी नसते. तिच्या रेकॉर्डवर एफ११ चढला की तो पुढे बरीच वर्षं तिच्यामागे फिरतो. उलट हेरॉइनच्या व्यसनावर उपचार म्हणून मेथाडोन घेणाऱ्याला झेड७९.८९१ लावायचा नाही, त्या कोडच्या टिपेतच ते वगळलेलं आहे, तिथे एफ११.२ गट येतो.

किती वेळा टेस्ट केलेली चालेल हेही निदानावरच अवलंबून असतं. मेडिकेअरच्या स्थानिक कंत्राटदारांच्या पॉलिसीत दुखण्यासाठी ओपिऑइड घेणाऱ्या कमी जोखमीच्या पेशंटला वर्षातून एक-दोन वेळा, मध्यम जोखमीला सहा महिन्यांत एक-दोन, जास्त जोखमीला तीन महिन्यांत एक ते तीन, अशी मोजपट्टी सापडते. व्यसनमुक्तीच्या पहिल्या महिन्यात मात्र आठवड्याला एक ते तीन स्क्रीनही चालतात. म्हणून डॉक्टरच्या नोटमध्ये जोखमीचा उल्लेख शोधायची सवय लावा.

पायरी ६ : फॉर्म भरताना

सीएमएस-१५०० या क्लेमच्या फॉर्मचे सगळे रकाने ट्रेनिंगमध्ये शिकवतील. लॅबच्या कामात दगा देतात ते एवढेच.

रकाना १७ मध्ये ऑर्डर देणारा डॉक्टर, त्याआधी डीके हा क्वालिफायर ('ऑर्डर देणारा' अशी खूण), आणि १७बी मध्ये त्याचा दहा आकडी एनपीआय (ओळख क्रमांक). लॅबचा एनपीआय इथे टाकणारे महाभाग दर महिन्याला भेटतात.

रकाना २३ मध्ये क्लिया नंबर. दहा खुणांचा असतो आणि तिसऱ्या जागी डी अक्षर. डी नसेल तर तो क्लिया नंबर नाही, एवढी तपासणी डोळ्यांनी होते.

२४बी मध्ये जागेचा कोड. स्वतंत्र लॅबला ८१, डॉक्टरच्या ऑफिसला ११. नमुना दुसऱ्या लॅबकडे पाठवून तिच्याकडून टेस्ट करून घेतली असेल तर ९० मॉडिफायर लागतो. मग क्लिया नंबर टेस्ट जिथे झाली तिथला.

आणि २४ए, तारीख. इथे मी स्वतः मार खाल्लाय. रिपोर्टवर तीन तारखा असतात: नमुना घेतला ती, लॅबमध्ये पोहोचला ती, आणि रिपोर्ट निघाला ती. डेट ऑफ सर्व्हिस म्हणजे नमुना घेतला ती तारीख. मी नवा असताना एक अख्खी बॅच पोहोचल्याच्या तारखेने भरली. शुक्रवारी घेतलेले नमुने कुरिअरने सोमवारी लॅबला आलेले. त्यात एका पेशंटने शुक्रवारीही नमुना दिला होता आणि सोमवारीही. दोन्ही क्लेम सोमवारचे झाले, दुसरा डुप्लिकेट म्हणून परत. शिफ्ट संपायला वीस मिनिटं असताना टीम लीडने मला बोलावलं. कॅब माझ्याशिवाय गेली.

तारखेचाच आणखी एक भारतीय रोग: अमेरिकेत महिना आधी लिहितात. ०३/०४ म्हणजे ४ मार्च. बारा तारखेपर्यंत ही चूक सॉफ्टवेअर पकडू शकत नाही, कारण दोन्ही वाचनं खरी तारीखच असतात.

पायरी ७ : पेयर कोण ते बघूनच कोड पक्का करा

वरचं सगळं मेडिकेअरचं. मेडिकेअर डेफिनिटिव्हसाठी ८०३२० ते ८०३७७ हे सीपीटी कोड घेत नाही, जी-सिरीजच घेतं. खासगी विमा कंपन्यांतल्या काही मेडिकेअरच्या पावलावर चालतात, काहींना सीपीटी हवे असतात. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी योजना) तर राज्यागणिक वेगळं. प्रत्येक क्लायंटसाठी पेयरचा तक्ता असतो; नसेल तर तुम्ही बनवायला घ्या, सहा महिन्यांत लोक तुमच्याकडे विचारायला येतील.

नोकरीआधीची टेस्ट, ट्रक ड्रायव्हरची परिवहन खात्याच्या नियमाने होणारी टेस्ट, कोर्टाने सांगितलेली टेस्ट, यांचं बिल सहसा आरोग्य विम्याला जात नाही. पहिल्या दोन्हींचे पैसे बहुधा नोकरी देणारा देतो. ऑर्डरवर झेड०२.१ (नोकरीआधीच्या तपासणीचा कोड) किंवा चेन ऑफ कस्टडीचा (नमुना कुणाच्या हातून गेला त्याच्या नोंदीचा) फॉर्म दिसला की क्लेम बनवण्याआधी सीनियरला विचारा.

पायरी ८ : डिनायल आला तर

एआरमध्ये असाल तर हीच तुमची रोजीरोटी. डिनायल म्हणजे पेयरचा नकार, आणि त्यासोबत कारणाचा कोड येतो. काही डिनायल पाहिले की कारण लगेच ओळखू येतं.

एमए१२० किंवा सीओ-बी७ आला तर आधी क्लिया बघा: नंबर राहिला, चुकला, सर्टिफिकेटची मुदत संपली, किंवा वेव्हरवाल्याने ८०३०७ लावला. सीओ-१८ म्हणजे डुप्लिकेट, वर सांगितलेला तारखेचा घोळ आधी तपासा. सीओ-११ म्हणजे निदान आणि टेस्ट जुळत नाहीत. सीओ-१५१ म्हणजे इतक्या वेळा कशाला केली. सीओ-२५२ म्हणजे कागद पाठवा. सीओ-२९ म्हणजे मुदत गेली. मेडिकेअरसाठी ती डेट ऑफ सर्व्हिसपासून एक वर्ष असते, खासगी पेयरकडे बरीच कमी असू शकते.

सीओ-५० वेगळा. तो म्हणतो, टेस्टची वैद्यकीय गरज दिसली नाही. नवे कॉलर इथे निदानाचा कोड बदलून क्लेम परत पाठवायला बघतात. पैसे मिळतील असा कोड शोधून लावणं म्हणजे फसवणूक, आणि अमेरिकेत तिला तेच नाव आहे. डॉक्टरची नोट मागवा. त्यात खरोखर वेगळं निदान असेल तर दुरुस्त क्लेम करा. नोटमध्ये कारण आहे पण पेयरला दिसलं नाही, तर अपील करा. मेडिकेअरच्या पहिल्या अपिलाला निर्णय मिळाल्यापासून १२० दिवस मिळतात. नोटमध्ये कारणच नसेल तर सीनियरला सांगून राइट-ऑफसाठी (पैसे सोडून द्यायला) पाठवा.

एक भांडण मात्र तुम्हाला सुटणार नाही. क्लिनिकने सकाळी कपावर ८०३०५ केला, उरलेला नमुना लॅबला गेला, लॅबने ८०३०७ लावला. एकाच दिवसाच्या दोन प्रिझम्प्टिव्ह टेस्ट, मेडिकेअर एकाच क्लेमचे पैसे देणार. क्लिनिकचा क्लेम बारा डॉलरचा, पण तो आधी पोहोचला की लॅबचे बासष्ट गेले. कॉलवर पेयरशी कितीही वाद घाला, उपयोग नाही. क्लायंटला महिन्याच्या रिपोर्टमध्ये त्या क्लिनिकचं नाव कळवायचं, म्हणजे ऑर्डर घेतानाच तिथे कप झाला का हे ते विचारतील.

पेशंटकडे बिल पाठवण्याआधीही थांबा. मेडिकेअरच्या लॅब दरपत्रकातल्या टेस्टला पेशंटचा हिस्सा नसतो. टेस्ट नाकारली जाईल असं आधीच वाटत असेल तर नमुना तपासण्याआधी पेशंटकडून एबीएन फॉर्मवर (मेडिकेअरने पैसे दिले नाहीत तर मी देईन, असं सांगणाऱ्या) सही घ्यावी लागते आणि क्लेमवर जीए मॉडिफायर लागतो. ती सही नसेल तर पेशंटकडे पैसे मागता येत नाहीत.

पायरी ९ : फ्लोअरवरचं वागणं

मोबाइल लॉकरमध्ये ठेवायला लावतात म्हणून नवी मुलं कुरकुरतात. १९९६ च्या हिपा कायद्याने आरोग्याची सगळीच माहिती गोपनीय आहे, पण व्यसनमुक्ती केंद्रांच्या रेकॉर्डला त्याहून कडक असा ४२ सीएफआर पार्ट २ हा वेगळा नियम आहे. तुमच्या स्क्रीनवर ज्याचं नाव आहे, त्याच्या बायकोला किंवा बॉसला तो कुठे उपचार घेतो हे कदाचित माहीत नसेल. एआर कॉलवर समोरून कुणीतरी सहज विचारतं, 'टेस्ट कसली होती?' समोरचा पेयर आहे याची खात्री होईपर्यंत टेस्टचं नावही घ्यायचं नाही. आणि कॅबमध्ये, पहाटे साडेतीनला, आजचा मजेदार रिपोर्ट सांगायचा मोह होतो. ड्रायव्हरदादाला इंग्रजी कळत नाही असं समजू नका.

सीपीटी दरवर्षी १ जानेवारीला बदलतं, आयसीडी-१० मुख्यतः १ ऑक्टोबरला. त्या दोन आठवड्यांत रजा टाकू नका, मिळणारही नाही. सीपीसीची (कोडरच्या प्रमाणपत्राची) परीक्षा द्यायची घाई नको. १०० प्रश्न, चार तास, ७० टक्क्यांना पास, आणि पुस्तक उघडं ठेवून द्यायची असते. आधी पाच-सहा महिने खरे रिपोर्ट हाताळा. रोज घरी जाण्याआधी त्या दिवशीचा एक डेफिनिटिव्ह रिपोर्ट घ्या, कोड झाकून क्लास पुन्हा मोजा आणि क्लेमवर गेलेल्या कोडशी ताडून बघा.